दोन मिनिटं आधी निघालेला घोडा

आमच्या मामांना घड्याळाचं वेड आहे. महागड्या घड्याळांचं नाही, वेळ बरोबर असण्याचं. हातातलं जुनं एचएमटी ते अजूनही रोज सकाळी रेडिओच्या टूं-टूंवर लावतात, मोबाईल आला तरी, आणि कुणी 'दहा वाजता येतो' म्हणून दहा वाजून चार मिनिटांनी आला की त्याला पाणी देतात पण बोलत नाहीत. मामींनी आयुष्यभर हे सोसलंय. मामा साताऱ्याकडचे, तरुणपणी फौजेत गेले, तोफखान्यात, आणि तोफेवरच रिटायर झाले. लहानपणी मला वाटायचं की घड्याळाचं हे खूळ म्हणजे मिलिटरीची शिस्त वगैरे. तसं नव्हतं, त्याला एक गोष्ट कारण होती आणि ती त्यांनी मला सांगितली तेव्हा मी चाळिशीला आलो होतो.

कुठल्यातरी सरावात, राजस्थानच्या बाजूला, पहाटेची वेळ. समोर एक टेकाड, त्यावर 'शत्रू'. योजना अशी की तोफा त्या टेकाडावर ठरलेल्या मिनिटापर्यंत मारा करणार, त्या माऱ्याच्या आडोशानं पायदळाची कंपनी पुढे सरकणार, आणि तोफा थांबल्या की पुढच्याच क्षणी पोरं टेकाडावर चढणार, म्हणजे वरच्यांना डोकं वर काढायला वेळच मिळणार नाही. मामांचा हात लिव्हरवर. २५ पाउंडर तोफ, तोफ जिथं आहे तिथून टेकाड दिसतसुद्धा नाही, दिसतं ते पुढं पायदळाबरोबर गेलेल्या आपल्या ओपी साहेबाला, म्हणजे मारा कुठं पडतोय ते बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि तो वायरलेसवर सांगेल तसं मागचे लोक करतात. आणि मध्येच वायरलेसवर साहेब गळा फाडून ओरडायला लागला, 'चेक फायरिंग! चेक फायरिंग!' म्हणजे मारा थांबवा. पायदळाची कंपनी दोन मिनिटं आधी उठली होती. कुणाचं तरी घड्याळ पुढं होतं की कुणाला धीर धरवला नाही ते मामांना कधीच कळलं नाही. कुणी मेलं नाही, नशीब. पण मामा म्हणाले, 'आरं, तेवढ्यात मी लिव्हर वडली असती तर? समोर आपलीच पोरं. मला दिसत बी न्हवती. दिसत न्हवती म्हणूनच तर भ्या वाटतंय अजून.'

ही गोष्ट ऐकली आणि मला एकदम पानिपत आठवलं. मराठी माणसाला कशावरूनही पानिपत आठवतं हे खरं आहे, पण इथं कारण होतं.

आपण शाळेत लढाया शिकलो त्या यादी करून. अमक्याकडे इतके घोडदळ, इतके पायदळ, इतक्या तोफा, आणि मग जो हरला त्याच्याकडे काय कमी होतं ते 'कारणे लिहा' मध्ये. मी पण बरीच वर्षं असंच वाचत होतो, किराणा मालाची यादी वाचावी तसं. पण घरात डाळ, तांदूळ, तूप, मीठ सगळं असलं म्हणून वरणभात होत नाही ना, कुणीतरी कुकर कधी लावायचा आणि फोडणी कधी द्यायची हे बघावं लागतं. सैन्यात वेगवेगळ्या प्रकारचे सैनिक असणं हे एक, आणि त्यांनी एकमेकांच्या कामात येणं हे अगदी वेगळं. घोडा वेगानं जातो पण जागा धरून बसू शकत नाही. बंदूकवाला पायदळी जागा धरतो पण त्याला पळणाऱ्याचा पाठलाग करता येत नाही, आणि बाजूनं घोडा आला की त्याची धांदल उडते. तोफ लांबून मारते पण जवळ कुणी पोचलं की ती नुसती लोखंडाची, पितळेची ओझी. म्हणजे प्रत्येकजण कुठेतरी लंगडा. एकाच्या लंगडेपणावर दुसऱ्यानं खांदा द्यायचा, आणि तोही नेमक्या क्षणी, हा सगळा खेळ.

आता गंमत बघा, हा खेळ पानिपतावरच एकदा फार सुंदर खेळला गेला होता, आपल्या २३५ वर्षं आधी. २१ एप्रिल १५२६. बाबरानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्यानं ७०० गाडे जमवले, ते कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधले, दर दोन गाड्यांच्या मध्ये पाच-सहा ढालींसारखे आडोसे उभे केले आणि त्यामागं बंदूकवाले बसवले. उजव्या हाताला पानिपत गाव, डाव्या हाताला खंदक खणून झाडांच्या फांद्या टाकलेल्या. इथपर्यंत म्हणजे नुसता किल्ला झाला. पण त्या गाड्यांच्या ओळीत त्यानं मुद्दाम फटी ठेवल्या होत्या, शे-दीडशे घोडेस्वार एकदम बाहेर पडू शकतील एवढ्या. मला सगळ्यात आवडतात त्या ह्या फटी. गाडे बांधणाऱ्या माणसाला घोडेस्वाराची आठवण होती! इब्राहिम लोदीचं सैन्य वेगानं आलं, समोर गाड्यांची भिंत बघून पुढचे बिचकले, मागचे रेटत राहिले, सगळी गर्दी मध्ये चेंगरली, आणि तेवढ्यात दोन्ही टोकांकडून बाबराचे घोडेस्वार वळसा घालून मागं गेले आणि बाण मारायला लागले. समोरून उस्ताद अलीकुलीच्या तोफा. दुपारपर्यंत खलास. बाबर स्वतःकडची माणसं बारा हजार सांगतो आणि लोदीकडे लाख माणूस नि हजारभर हत्ती म्हणतो, जिंकणाऱ्यानं दिलेला आकडा आहे त्यामुळे हातचं राखूनच घ्यायचा, पण माणसं कमी होती यात वाद नाही.

आणि त्याच मैदानावर १७६१ ला आपण.

सदाशिवरावभाऊंकडे काय नव्हतं? हुजुरातीचं, म्हणजे खुद्द पेशव्यांचं घोडदळ होतं, शिंदे-होळकर-गायकवाड-विंचूरकर असे नावाजलेले सरदार होते, तोफखाना होता, आणि इब्राहिमखान गारदी होता. हा इब्राहिमखान आधी निजामाकडे होता, फ्रेंच बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला. गारदी हा शब्दच फ्रेंच 'गार्द'वरून आला म्हणतात. त्याची माणसं रांगेत उभी राहून एकदम बंदुका झाडायची, भरायची, परत झाडायची, मध्ये पळायची नाहीत. भाऊंना त्याची किंमत कळली होती, आणि ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला त्या गारद्यांच्या जोरावर आपल्या लोकांनी निजामाला असं नमवलं की त्यानं ६० लाखांचा मुलूख सोडून दिला. उदगीरला तोफ, गारदी आणि घोडा एकमेकांना धरून चालले. म्हणजे येत नव्हतं असं नाही, येत होतं. एका वर्षात काय विसरलो मग?

मला वाटतं विसरलो काहीच नाही. ते मुळात थोड्याच लोकांना पटलं होतं.

इथं जरा पैशाचं बोलायला पाहिजे, कारण लढाईच्या पुस्तकात ते शेवटी एका ओळीत येतं आणि माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवं. आपल्या घोडदळात दोन जाती. बारगीर, म्हणजे ज्याला घोडा सरकारचा, आणि शिलेदार, म्हणजे घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. शिवाजी महाराजांचा भर बारगिरांवर होता, पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद हे सभासदानं बखरीत लिहिलेलं आहे, एवढी बारीक नजर. पुढं राज्य पसरलं, मोहिमा हजार-हजार मैलांवर गेल्या, आणि फौजेत शिलेदार वाढत गेले. आता शिलेदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घोडा म्हणजे तुमची अख्खी पुंजी, कर्ज काढून घेतलेला ट्रक समजा. घोडा मेला तर उद्यापासून तुम्ही कुणीच नाही. मग तुम्ही समोरच्या बंदुकांच्या रांगेवर जाऊन एका जागी उभे राहाल का? तुम्ही चपळाईनं जाल, छापा घालाल, रसद तोडाल, वेळ बघून सटकाल. यात भित्रेपणा काही नाही, हाच तर तुमचा धंदा, आणि याच धंद्यावर आपण बुंदेलखंडापासून अटकेपर्यंत पोचलो होतो.

आणि गारदी? त्याला महिन्याचा रोख पगार. लूट असो नसो. सरदारांच्या डोळ्यात हा पगार सलत होता. मल्हारराव होळकरांसारख्या आयुष्य घोड्यावर काढलेल्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं सरळ होतं की बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, अवजड तोफा हे सगळं मागं सुरक्षित ठेवा आणि आपल्या जुन्या पद्धतीनं लढा, गनिमी काव्यानं. सूरजमल जाटाचंही तेच. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. इब्राहिमखानाचं म्हणणं पण चूक नव्हतं, की तोफ आणि पायदळ घेऊन पळता येत नाही, माझी माणसं मध्ये टाकून घोडेवाले निघून गेले तर आमचं काय? त्याला गोलाची लढाई हवी होती. गोल म्हणजे सगळ्या फौजेचा एक मोठा बंदिस्त चौक, कडेनं तोफा नि गारदी नि स्वार, पोटात बुणगे आणि सामान, आणि असा तो अख्खा गोल हळूहळू चालवत न्यायचा. बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की १४ जानेवारीला भाऊंना अब्दालीला संपवायचं नव्हतंच, असा गोल करून यमुनेकडे सरकायचं आणि तिथून दिल्लीची वाट धरायची एवढंच होतं. अडीच महिने खंदकात कोंडून घेतलेली, उपाशी फौज. जनावरं मेलेली. दुसरं करणार काय?

गोल चालवायचा तर सगळ्यांनी एकाच चालीनं चालायला पाहिजे. घोड्यानं पायी माणसाच्या चालीनं!

बुधवार होता तो. डाव्या अंगाला इब्राहिमखान, समोर रोहिले. मध्ये भाऊ आणि विश्वासराव, समोर अब्दालीचा वजीर शाहवलीखान. उजवीकडे शिंदे, होळकर, समोर नजीबखान. अब्दालीच्या बाजूला असलेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी एक मराठी माणूस होता, काशीराज पंडित, तो तिथं हजर होता आणि त्यानं नंतर फारसीत सगळं लिहिलं. आपल्याच माणसानं पलीकडच्या बाजूनं बघून लिहिलेली हकीकत, मला ती वाचताना कायम कससंच होतं. तो सांगतो की लढाई सुरू होताना इब्राहिमखान भाऊंकडे घोडा घेऊन आला, मुजरा केला आणि म्हणाला की मी माझ्या लोकांच्या पगारासाठी दर महिन्याला तगादा लावायचो म्हणून आपण नाराज असायचात, आणि या महिन्यात तर पगार मिळालाच नाही, पण असू दे, आज माझं काम बघा. आणि गेला. स्वतः निशाण हातात घेतलं, गारद्यांना बंदुका झाडणं थांबवून संगिनी लावून पुढं नेलं. रोहिल्यांची आठ-नऊ हजार माणसं मेली नाहीतर जखमी झाली असं काशीराज लिहितो, आणि गारद्यांच्या नऊ पलटणींपैकी सहा जवळपास संपल्या.

इथं, याच डाव्या अंगाला, ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. गारद्यांच्या शेजारी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचं घोडदळ होतं. गारद्यांच्या माऱ्यानं रोहिले कोलमडायला लागले हे त्यांनी बघितलं आणि त्यांना राहवलं नाही. शत्रू डळमळतोय म्हणजे घोडा घालायचा, रक्तातच ते. त्यांनी गोल सोडला आणि रोहिल्यांवर गेले. झालं असं की आता गारद्यांच्या तोफा-बंदुकांसमोर आपलेच स्वार, मारायचं कुणाला? आणि रोहिले पायउतार होऊन बंदुका घेऊन बसलेले, त्यांनी या स्वारांना जवळून झोडलं आणि ते मागं फिरले, आणि जिथून निघाले होते तिथं गोलाला भगदाड.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, 'वायरलेस न्हवता म्हन की.' मी म्हटलं, 'नव्हता मामा.' 'मग कुनी सांगायचं त्यांना थांबा म्हनून?' आणि जरा वेळानं, 'पर सांगून थांबलं असतं का?'

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अब्दालीकडे वायरलेस होता असं नाही. पण त्याच्याकडे एक माणूस होता ज्याचं सगळे ऐकत होते, तो स्वतः, आणि तो लढाईत न शिरता मागं तंबूपाशी बसून बातम्या घेत होता. दुपारी वजिराची मधली फळी फाटली, भाऊंच्या हुजुरातीनं ती फाडली, शाहवलीखान घोड्यावरून उतरून माती तोंडात घालत पळणाऱ्यांना विचारत होता की आपला देश लांब आहे रे, पळताय कुठं? तेव्हा अब्दालीनं राखीव माणसं काढली. पळालेल्यांना छावणीतून हाकलून परत आणायला एक तुकडी, वजिराच्या मदतीला दहा हजार, आणि हुकूम असा की हे दहा हजार समोरून जातील तेव्हाच नजीब आणि अब्दालीचा सरदार शहापसंद यांनी बाजूनं घुसायचं. तेव्हाच! शिवाय उंटांवरच्या जंबुरका, म्हणजे छोट्या तोफा, काशीराज दोन हजार उंट सांगतो. आपल्या तोफा मोठ्या नि जड, त्यांचे गोळे बरेचसे शत्रूच्या डोक्यावरून मागं जाऊन पडत होते, आणि त्या जागच्या हलत नव्हत्या. त्याची तोफ उंटावर बसून घोड्याबरोबर चालत होती. उंट बसवायचा, मारायचं, उठवायचा, पुढं. तोफेला पाय फुटले की निम्मा प्रश्न सुटतो हो.

विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत शिरले, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. विश्वास तर पानिपतात मेला असं आपण येताजाता म्हणतो, उधारी बुडवणाऱ्याला सुद्धा म्हणतो. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि हाल होऊन मेला. त्याचा तो महिन्याचा पगार राहिलाच.

आता कुणी म्हणेल मराठ्यांना एकत्र लढणं जमतच नव्हतं, तर तसं अजिबात नाही. प्रतापगड आठवा, १० नोव्हेंबर १६५९. गडावर इशाऱ्याची तोफ झाली आणि जावळीच्या रानात लपलेलं पायदळ खानाच्या छावणीवर तुटून पडलं, घोडदळ घेऊन नेताजी पालकर वेगळ्याच बाजूनं आलेले. डोंगर, रान, पायदळ, घोडा आणि एक तोफ जी कुणाला मारायला नव्हतीच, फक्त वेळ सांगायला होती. मामांना ही तोफ फार आवडते.

पानिपतानंतरही महादजी शिंद्यांनी धडा घेतला. द बॉयन नावाच्या युरोपियन अधिकाऱ्याला ठेवून कवायती पायदळाचे कंपू उभे केले, आणि १७९० मध्ये राजस्थानात पाटण आणि मेडता इथं राजपूत घोडदळाच्या समोर हे कंपू उभे राहिले. मेडत्याला राठोडांचे स्वार तोफांच्या अंगावरून घोडे घालून आले होते, मरायलाच आले होते, पण पलटणींनी चौकोन केले आणि घोडे त्या संगिनींवर फुटले. चित्र बरोबर उलटं झालं, यावेळी गारदी आपला आणि धीर न धरवणारा घोडा त्यांचा. पण महादजी १७९४ ला गेले, आणि जे त्यांनी बांधलं ते कसं सुटलं हे बघायचं असेल तर जालना जिल्ह्यात जायला पाहिजे.

मी मामांना घेऊन गेलो होतो, असईला. कापूस वेचायचे दिवस, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर नि गाठोडी. केळना नदी आणि जुई नदी यांच्या बेचक्यात ते गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज पसरली होती, समोर इंग्रजांचा वेलस्ली, तोच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याच्याकडे माणसं फारच कमी. वाटाड्यांनी सांगितलं नदीला उतार नाही. त्यानं बघितलं की दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे मधून ये-जा असणारच, आणि तिथूनच उतरला. आपण नुसतं नशीब म्हणतो, पण असा विचार खेड्यातल्या कुणाही माणसानं केला असता. शिंद्यांच्या पायदळाचा सेनापती पोहलमन नावाचा जर्मन. त्यानं बाजूनं आलेल्या शत्रूकडे अख्खी रांग फिरवली, आणि ते अवघड काम त्या पलटणींनी इतकं नीट केलं की वेलस्लीचा डाव जवळपास फसला. मग आपल्या तोफांनी इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मारले, त्यांना तोफा सोडून संगिनीनिशी यावं लागलं. त्यांची एक पलटण वाट चुकून असई गावाकडे भरकटली आणि तिची दाणादाण उडाली, घोडदळानं धावून येऊन उरलेल्यांना वाचवलं. आपले गोलंदाज तर तोफेपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढं गेल्यावर उठून पाठीमागून मारायला लागले. इंग्रजांची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली.

आणि आपलं घोडदळ? त्या भरकटलेल्या पलटणीवर थोडं आलं, ते सोडलं तर बहुतेक सगळं बघत उभं राहिलं. आणि पायदळ मोडल्यावर निघून गेलं. ९८ तोफा तिथं राहिल्या.

पानिपतात घोडा थांबला नाही, असईत घोडा निघाला नाही.

मामा पिंपळगावच्या उताराजवळ गुडघ्यावर हात ठेवून वाकले, हात लांब करून मूठ धरली, एक डोळा मिटला. गोलंदाज असंच करतात, मुठीच्या आणि बोटांच्या रुंदीनं अंश मोजतात. 'तोफा हितं असत्या ना,' ते म्हणाले, 'तर मी त्या बाभळीपस्तोर सगळं झाकलं असतं. पर माझ्या ह्या कुशीला कोन?' आणि त्यांनी डावीकडे बघितलं, जिथं एक बाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती, ती पण आमच्याकडे बघायला लागली, हे दोन बाप्ये नदीत काय हरवलंय म्हणून. मामांनी मूठ खाली घेतली.

असं नाही की हे फक्त आपल्याच नशिबी होतं. पहिल्या महायुद्धात चार वर्षं युरोपातल्या हुशार-हुशार देशांनी पायदळ मशीनगनवर सोडून कापून काढलं, आणि मग ४ जुलै १९१८ ला फ्रान्समधल्या हॅमेल गावापाशी मोनॅश नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं, जो पेशानं इंजिनिअर होता आणि म्हणूनच कदाचित, रणगाडे, तोफा, पायदळ आणि विमानं यांचं मिनिटवार वेळापत्रक केलं. रणगाड्यांचा आवाज झाकायला वरून विमानं घिरट्या घालत होती, काडतुसं पॅराशूटनं खाली टाकली. ९० मिनिटं ठरवली होती, ९३ लागली. मामांनी ही तीन मिनिटं माफ केली. आणि एवढं सगळं जगाला कळल्यावर सुद्धा ८ ऑक्टोबर १९७३ ला सिनाईत इस्रायलचे रणगाडे पायदळाशिवाय एकटेच धावले आणि वाळूत बसलेल्या इजिप्तच्या पायदळानं क्षेपणास्त्रांनी त्यांना फोडलं. त्याच्या सहा वर्षं आधी एकट्या रणगाड्यानं जिंकलं होतं ना. जिंकलेल्या माणसाला शिकवणं फार कठीण.

पण थांबणं म्हणजेच शहाणपण असं मी म्हणायला लागलो की मामा मला बसंतर सांगतात. ते स्वतः तिथं नव्हते, पण फौजेतल्या प्रत्येकाला ती पाठ असते. डिसेंबर १९७१, पाकिस्तानातल्या शकरगढचा भाग. पायदळानं रात्री बसंतर नदी ओलांडून पलीकडे पाय रोवला. रणगाडे यायचे तर मध्ये सुरुंगांचं शेत, इंजिनिअर लोक अंधारात वाट साफ करतायत, ती अजून पूर्ण झालेली नाही. पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसायला लागली, पायदळानं मदत मागितली. पुस्तकाप्रमाणं थांबायला पाहिजे होतं. पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट थांबली नाही, साफ न झालेल्या सुरुंगांतून रणगाडे घातले आणि पोचले. दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल आपल्या पेटलेल्या 'फामागुस्ता' रणगाड्यात शेवटपर्यंत लढून गेला, परमवीरचक्र. नगरच्या रणगाड्यांच्या म्युझियममध्ये आम्ही गेलो तेव्हा मामा सेंच्युरियन रणगाड्यापाशी उभे राहून म्हणाले, 'ही बी येळेच्या आदीच निघाली हुती. विंचूरकर बी निघाला. फरक काय?' मी काहीतरी पुस्तकी बोलायला लागलो तर मला थांबवून म्हणाले, 'ह्यांना बोलावलं हुतं रं.'

गेल्या वैशाखात मामांच्या नातीचं लग्न झालं. मंगल कार्यालय, चारशे-पाचशे माणूस, मामा पुढच्या रांगेत, फेटा, हातात अक्षता, मनगटावर एचएमटी. भटजींचं मंगलाष्टक चालू, अजून दोन राहिली होती. मागं दारात बँडवाले. कुणीतरी उत्साही पाहुण्यानं मध्येच मूठभर अक्षता टाकल्या, त्या बघून दहाजणांनी टाकल्या, ते बघून बँडवाल्याला वाटलं झालं लग्न, आणि ढोल, ताशा, कर्णा सगळं एकदम. नवरदेव हार घेऊन पुढं वाकला, भटजींचा हात हवेत, अंतरपाट धरणारे दोघं एकमेकांकडे बघतायत, एकानं सोडला, एकानं धरलेला.

आणि त्या सगळ्या कल्लोळात मामा उठून उभे राहिले, बँडकडे तोंड केलं, उजवा हात डोक्याच्या वर सरळ ताठ केला आणि छाती फुटेल अशा आवाजात ओरडले, 'चेक फायरिंग!'

ताशावाला काडी हवेत धरून तसाच थांबला.

मामांनी घड्याळात बघितलं आणि भटजींना म्हणाले, 'चालू द्या गुरुजी. अजून दोन मिनिटं हायेत.'